डोलो घेतली, त्यावर कॉम्बिफ्लॅम चालेल का?

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. संध्याकाळी सातच्या गर्दीत एक पोरगा दुकानात आला. गडचिरोलीकडचा, स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी नागपुरात तीन मित्रांसोबत रूम घेऊन राहणारा. डोळे लालबुंद, उकाड्यातही अंगात जाड शर्ट. म्हणाला, "भाऊ, सकाळी डोलो घेतली होती, पण ताप उतरूनच नाही राह्यला. आता कॉम्बिफ्लॅम घेतली तर चालन का?" मी विचारलं, डोलोशिवाय आणखी काय घेतलं? त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. तीन सुट्या गोळ्या: एक पिवळी, एक पांढरी आणि एक अर्धी तोडलेली. कुठूनतरी 'डोस बनवून' आणला होता आणि त्यातला एक भाग दुपारी एक वाजता घेऊनही झाला होता. त्या गोळ्या कशाच्या, हे त्याला माहीत नव्हतं. नुसत्या रंगावरून मलाही सांगता येईना.

औषधाच्या काउंटरमागे उभं राहून मला बावीस वर्षं झाली. दुखण्या-तापाच्या गोळ्या एकमेकींवर घेण्याबद्दल रोज कुणी ना कुणी विचारतं, आणि न विचारता घेणारे त्याहून जास्त असतात. घर सोडून पहिल्यांदाच एकटे राहायला आलेल्या पोरापोरींसाठी, हिंगण्याच्या एमआयडीसीत किंवा मिहानमध्ये नव्याने कामाला लागलेल्यांसाठी, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांची औषधं आता ज्यांना पाहावी लागतात त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. यातले आकडे निरोगी मोठ्या माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या दुखण्यासाठीचे आहेत. मुलांचं, गरोदर बाईचं, बीपी-शुगर-किडनीच्या पेशंटचं गणित वेगळं असतं, ते पुढे येईलच.

पहिली पायरी: गोळ्यांचा पत्ता उलटा करा

समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं. तुम्हाला हवं ते बहुतेक वेळा मागच्या बाजूला, बारीक अक्षरात असतं: गोळीत कोणतं औषध किती मिलिग्रॅम आहे. आम्ही त्याला कंटेंट म्हणतो. एकदा तो वाचायची सवय लागली की निम्मा धोका तिथेच टळतो.

डोलो ६५०, क्रोसिन आणि कॅल्पॉल ही तीन नावं असली तरी आतलं औषध एकच, पॅरासिटामॉल. कॅल्पॉलने उतरलं नाही म्हणून तासाभराने डोलो घेणारे मला दर आठवड्याला भेटतात. त्यांना वाटतं, औषध बदललं. प्रत्यक्षात त्यांनी तेच औषध दुप्पट घेतलेलं असतं.

कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत दोन औषधं आहेत: आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. म्हणजे 'डोलोवर कॉम्बिफ्लॅम' असं म्हणताना तुम्ही पॅरासिटामॉलवर पुन्हा पॅरासिटामॉल घेत असता. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल, प्रॉपीफेनाझोन आणि कॅफीन आहे. झेरोडॉल-पी मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. सुमोमध्ये निमेसुलाइड आणि पॅरासिटामॉल. पाठदुखीच्या बहुतेक जोडगोळ्यांमध्ये ते ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच.

सर्वांत जास्त फसगत होते ती सर्दीच्या गोळ्यांमध्ये. सिनारेस्ट, डी-कोल्ड टोटल, व्हिक्स अ‍ॅक्शन ५०० यांकडे लोक 'नाकाची गोळी' म्हणून पाहतात, पण त्यांत पॅरासिटामॉल असतं, काहींत तर गोळीमागे ५०० मिलिग्रॅम. हिशोब करून पाहा. दिवसभरात चार डोलो ६५०, म्हणजे २६०० मिलिग्रॅम. सोबत ५०० वाली सर्दीची गोळी तीनदा, म्हणजे १५००. एकूण ४१००. निरोगी मोठ्या माणसाने चोवीस तासांत ४००० च्या वर जायचंच नसतं. हा माणूस ती हद्द ओलांडून गेला, आणि विचारलं तर सांगेल, "जास्त काही नाही, तापाची आणि सर्दीची गोळी घेतली."

पत्ता अर्धा कापून मिळाला की नाव आणि मुदत एका तुकड्यावर राहते आणि गोळ्या दुसऱ्यावर. चारच गोळ्या हव्या असतील तर खुशाल चारच मागा, पण पाकिटावर नाव आणि मिलिग्रॅम लिहून द्यायला सांगा. फोनने पूर्ण पत्त्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढला तरी चालेल. आमच्या धंद्यातल्या कुणाला याचा राग येत असेल तर येऊ द्या. आणि पुडीत बांधलेल्या बिननावाच्या सुट्या गोळ्या मात्र घेऊच नका. त्यात कधीकधी स्टिरॉइडही असतं. त्याने ताप झटकन उतरतो, अंगदुखी जाते आणि मूळ आजार मात्र आत दबून राहतो.

दुसरी पायरी: दोन घराणी ओळखा

बाजारात दुखण्याच्या गोळ्यांची नावं शेकड्याने आहेत, पण आपल्या कामापुरती घराणी दोनच.

एका घराण्यात पॅरासिटामॉल एकटंच आहे. ते मुख्यतः मेंदूच्या पातळीवर काम करतं. ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, पण सूज फारशी उतरवत नाही. पोटाला सोसतं. त्याचा सगळा भार यकृतावर.

दुसऱ्या घराण्यात गर्दी आहे: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, निमेसुलाइड आणि जुनं अ‍ॅस्पिरिन. ब्रुफेन, व्होव्हेरान, नाइस, मेफ्टाल-स्पास, डिस्प्रिन ही त्यांची ओळखीची नावं. जखमेच्या किंवा सुजेच्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं, त्यांना ही औषधं अडवतात. म्हणून दाढ, मुरगळलेला घोटा, पाळीतलं पोट यांवर त्यांचा गुण चांगला येतो. पण तीच रसायनं जठराचं अस्तर जपतात आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळतात. तिथलीही अडली की त्रास तिथे होतो.

दोन्ही घराण्यांचा रस्ता वेगळा आणि भारही वेगळ्या अवयवावर, म्हणून एका घराण्यातली एक आणि दुसऱ्यातली एक अशी जोडी लावता येते. अक्कलदाढ काढल्यानंतरच्या दुखण्यावर तर हे नीट तपासलेलं आहे: पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन एकत्र दिल्यावर एकेकट्यापेक्षा जास्त आराम पडतो. पण एकाच घराण्यातल्या दोन गोळ्या एकत्र कधीही नाही. कॉम्बिफ्लॅमसोबत व्होव्हेरान नाही, झेरोडॉलसोबत ब्रुफेन नाही. गुण थोडासाही वाढत नाही, पण पोटात रक्तस्राव होण्याची भीती मात्र वाढते.

हे माझ्याच घरात घडलं. आईला गुडघ्यासाठी एका डॉक्टरांनी अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी दिली होती. पुढे दात काढला तेव्हा दुसऱ्यांनी डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची लिहून दिली. दोन चिठ्ठ्या, दोन नावं, दोन डबे. आईने दोन्ही नेमाने घेतल्या, कारण डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे घ्यायचं. बीपीची गोळी चालूच होती. आठव्या दिवशी पाय सुजले, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे किडनीचं काम मंदावलं होतं. गोळ्या थांबवल्यावर ते उतरायला तीन आठवडे लागले. दोन्ही पत्ते माझ्याच घरात टेबलावर पडलेले होते आणि मी ते शेजारी शेजारी ठेवून वाचले नव्हते. तेव्हापासून दुकानात कुणी दुखण्याची गोळी मागितली की मी आधी विचारतो, घरी अजून कोणती चालू आहे?

तिसरी पायरी: एकाच गोळीने सुरुवात

साधी डोकेदुखी, अंगदुखी, ताप असेल तर आधी फक्त पॅरासिटामॉल. ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम. एका वेळी १००० च्या वर नाही. दोन डोसांत निदान चार तास, शक्यतो सहा. चोवीस तासांची शेवटची हद्द ४००० आहे, पण घरच्या घरी घेताना मी लोकांना ३००० ला थांबायला सांगतो. सर्दीच्या गोळीतलं, जोडगोळीतलं पॅरासिटामॉल कुणाच्या लक्षात राहत नाही, तेवढी जागा मोकळी हवी. वजन पन्नास किलोच्या आत असेल तर हिशोब किलोवर करा: एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, दिवसभरात किलोमागे ६०. आपल्याकडे हॉस्टेलवरच्या कित्येक मुली चाळीस-बेचाळीस किलोच्या असतात. त्यांच्यासाठी दिवसाला चोवीसशेच्या आतच राहायचं.

गोळी घेतल्यावर तासभर तरी थांबा. तापाच्या बाबतीत लोकांची घाई फार. १०३ चा ताप १०१ वर आला तर गोळीने काम केलं. तो साडेअठ्ठ्याण्णववर यावा अशी अपेक्षा ठेवली की लगेच दुसरी गोळी तोंडात जाते. ताप म्हणजे शरीर रोगाशी झुंजतंय. आपल्याला माणूस पाणी पिऊ शकेल, झोपू शकेल इतपत आराम हवा असतो. थर्मामीटर मात्र घ्या. कपाळाला हात लावून सांगितलेला ताप डॉक्टरांच्या काही कामाचा नसतो. १००.४ फॅरेनहाइटपासून पुढे ताप धरायचा.

चौथी पायरी: दुसरी जोडायची तर

पॅरासिटामॉलने दाढ, पाठ किंवा पाळीचं दुखणं हटेना, आणि पुढच्या दोन पायऱ्यांमधली एकही आडकाठी तुम्हाला लागू नसेल, तर आयब्युप्रोफेन जोडता येतं. २०० किंवा ४०० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांच्या अंतराने. डॉक्टरांना न विचारता दिवसाला १२०० च्या वर नाही, म्हणजे ४०० ची गोळी तीनदाच. पोट भरलेलं हवं. सकाळी पोह्यांची प्लेट खाऊन घेतली तर उत्तम, पण त्या दिवशी तर्री जरा कमीच घ्या. काहीच जात नसेल तर दूध आणि दोन बिस्किटं तरी.

दोन्ही एकाच वेळी घ्यायच्या की आलटून पालटून? पुष्कळ घरांत तीन-तीन तासांनी अदलाबदल करतात. त्याने चूक नाही होत, पण दिवसात सहा-सात वेळा घड्याळ पाहावं लागतं आणि तिसऱ्या वेळेपासून गोंधळ सुरू होतो. मोठ्या माणसाने दोन्ही एकाच वेळी घेतल्या तरी चालतं, आणि मला तेच सोपं वाटतं. दाढ काढून आलेल्या माणसाला मी असं लिहून देतो: सकाळी आठला नाश्त्यानंतर पॅरासिटामॉल ६५० आणि आयब्युप्रोफेन ४००, दुपारी दोनला जेवणानंतर तीच जोडी, रात्री नऊला जेवणानंतर पुन्हा. बेरीज, पॅरासिटामॉल १९५० आणि आयब्युप्रोफेन १२००. दोन्ही आकडे हद्दीत. दोन दिवस असं, तिसऱ्या दिवशी दुखणं पाहून आयब्युप्रोफेन आधी बंद.

कॉम्बिफ्लॅमच घरी असेल तर तिचा हिशोब आयब्युप्रोफेनवरून लावा. दिवसाला तीन गोळ्या, बस. त्यासोबत ब्रुफेन नाही. दंतवैद्यांनी चिठ्ठी दिली असेल तर माझा कागद बाजूला ठेवा, त्यांची चिठ्ठी चालवा.

आणखी एक. यातल्या बऱ्याच पत्त्यांवर लाल उभी रेघ असते. ती औषधं कायद्याने चिठ्ठीवरच द्यायची असतात. दुकानदार सहज देतो म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाहीत. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर भांडू नका.

पाचवी पायरी: ताप कशाचा, हे आधी पाहा

इथेच नागपूरकराने थांबायला हवं.

आपल्या गावात मार्चपासून घरोघरी कूलर लागतात. जूनमध्ये पाऊस आला की कूलर बंद होतो, पण टाकीतलं पाणी तसंच राहतं. वाळ्याच्या ताट्या ओल्या, खाली बोटभर पाणी. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत आमच्या काउंटरवर येणाऱ्या तापांपैकी कुठला ताप साधा आणि कुठला डेंग्यूचा, हे पहिल्या दोन दिवसांत नुसतं पाहून कुणालाही कळत नाही.

डेंग्यूत प्लेटलेट घटतात, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. अशा वेळी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन पोटात गेलं तर उरलेल्या प्लेटलेटही नीट काम करत नाहीत, जठराचं अस्तर दुखावतं आणि रक्तस्राव सुरू होऊ शकतो. म्हणून पावसाळ्यातल्या तापाला, डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत, फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. अंग कितीही मोडून येवो. चिकुनगुन्याची शंका असली तरी हेच. २०२४ च्या पावसाळ्यात आपल्याकडे त्याने घरंच्या घरं आखडून टाकली होती, लोकांना जिना उतरवत नव्हता. सांधे इतके धरलेले असताना दुसऱ्या घराण्यातली गोळी मागावीशी वाटणं साहजिक आहे. पण दोन्ही आजार एकाच डासाने पसरतात, सुरुवात सारखीच दिसते, आणि डेंग्यू नाही असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत ती गोळी थांबवायची.

त्या पोराला मी कॉम्बिफ्लॅम दिली नाही. हिशोबाने पाहिलं तर डोलो ६५० आणि कॉम्बिफ्लॅममधलं ३२५ मिळून ९७५ होतं, एका वेळच्या हजाराच्या आत. पण महिना सप्टेंबरचा होता, तापाचा दुसरा दिवस होता आणि डोळ्यांच्या मागे दुखत होतं. पुडी त्याच्यासमोर कचऱ्यात टाकली. दुपारी एकची पुडी घेऊन सहा तास झाले होते, म्हणून साधी पॅरासिटामॉल दिली, ओआरएसची चार पाकिटं दिली आणि सकाळी डॉक्टरांना दाखवून एनएस-१ ही डेंग्यूची रक्ततपासणी करायला सांगितलं. ती पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी पडते. पॉझिटिव्ह आली.

डेंग्यूत ताप उतरताना जास्त सांभाळायचं असतं, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात खूप दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, अंग गार पडणं, माणूस गुंगीत जाणं किंवा बेचैन होणं, यातलं एक जरी दिसलं तरी ताप नाही म्हणून घरी थांबू नका. थेट दवाखाना.

दुसरा ताप मे महिन्यातला. पारा पंचेचाळीसच्या वर, नवतपा चालू, आणि दुपारी साइटवर काम करणारा माणूस अंग भट्टीसारखं तापून आडवा होतो. सोबतचे धावत येतात, "तापाची गोळी द्या." ऊन लागलेल्या माणसाला तापाची गोळी उपयोगाची नाही. जंतूमुळे येणाऱ्या तापात मेंदू शरीराची पातळी स्वतः वर नेतो, ती पॅरासिटामॉल खाली आणतं. उष्माघातात पातळी जागेवरच असते, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. तिथे गोळीला करण्यासारखं काही उरत नाही, आणि सुकलेल्या शरीरात आयब्युप्रोफेन गेलं तर किडनी आणखी अडचणीत. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, काखेत आणि मानेला बर्फ लावा, १०८ ला फोन करा. बरळत असेल किंवा शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा. उन्हाने नुसतं डोकं दुखत असेल आणि माणूस नीट बोलत असेल तर आधी ओआरएस किंवा पन्हं, थंड जागा, तासभर विश्रांती. बहुतेक वेळा गोळी लागतच नाही.

सहावी पायरी: कुणी दुसऱ्या घराण्याला हात लावायचा नाही

अल्सर झालेला, कधी रक्ताची उलटी किंवा काळी शी झालेली. किडनीचा आजार. हृदयाचा झटका येऊन गेलेला. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेला. अशा गोळ्यांनी दमा उसळलेला. जुलाब-उलट्यांनी सुकलेला. गरोदर बाई, त्यातही विसाव्या आठवड्यानंतर अजिबात नाही, बाळाच्या किडनीवर आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम होतो. गरोदरपणात तापासाठी पॅरासिटामॉल घेता येतं, तेही डॉक्टरांना विचारून.

बीपीच्या पेशंटबद्दल जरा थांबून लिहितो, कारण घरोघरी तेच आहेत. बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना वर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आलं की तिघं मिळून किडनीचा रक्तपुरवठा आवळतात. हृदयासाठी रोजची छोटी अ‍ॅस्पिरिन, इकोस्प्रिन ७५ वगैरे, घेणाऱ्यांत आयब्युप्रोफेन तिच्या कामाच्या आड येऊ शकतं. "सोबत पॅन-४० घेतो ना" असं लोक सांगतात. ती गोळी जठर सांभाळते. किडनीसाठी तिचा काही उपयोग नाही.

किडनीची ही भीती कागदावरची नाही. आपल्या देशातली गिधाडं डायक्लोफेनॅकनेच जवळजवळ संपली. डायक्लोफेनॅक टोचलेली गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाल्लं आणि गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या. २००६ साली जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. माणसाची किडनी त्यापेक्षा खंबीर आहे, पण पाणी कमी पडलेल्या, वय झालेल्या, आधीच आजारी किडनीला तेवढं सोसत नाही.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट पुष्कळ आहेत आणि ते दुखण्याच्या गोळ्या इतरांपेक्षा खूप जास्त वेळा घेतात, कारण दुखणं उठलं की जीव नको होतो. सिकलसेल स्वतःच किडनीला हळूहळू इजा करतो. घरी पॅरासिटामॉल, पाणी आणि ऊब. दुसऱ्या घराण्यातली गोळी तुमच्या डॉक्टरांनी ठरवून दिली असेल तेवढीच. छातीत दुखलं, धाप लागली किंवा ताप आला तर वाट पाहत बसू नका.

यकृताचा आजार असेल किंवा रोजचं पिणं असेल तर पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारून. दारू प्यायलेल्या रात्री डोकं दुखतं म्हणून तीन-तीन गोळ्या घेणारे आहेत, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

सातवी पायरी: लहान मुलं

मुलांना वयावर औषध देऊ नका, वजनावर द्या. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांनी, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. आता बाटली पाहा. कुठल्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, कुठल्यात २५०, आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांत एका मिलिलिटरलाच १००. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर पहिल्यातून साधारण सहा मिलिलिटर, दुसऱ्यातून तीन, थेंबांतून दीड. मोठ्या भावाची २५० ची बाटली धाकट्याला त्याच चमच्याने दिली की डोस दुप्पट. घरातला चमचा वापरूच नका, सोबतचं मापाचं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.

मुलांच्या तापात दोन औषधं एकत्र करायची गरज क्वचितच पडते, आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. सहा महिन्यांच्या आत आयब्युप्रोफेन स्वतःहून नाही. अ‍ॅस्पिरिन नाहीच, मेंदू आणि यकृताला इजा करणारा दुर्मीळ पण भयंकर आजार होऊ शकतो. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे, तरी घरात जुनी बाटली असेल तर ओतून टाका. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप, मग गोळी-सिरप काहीही न देता डॉक्टर.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची लहान लेकरं किडन्या निकामी होऊन आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत आली आणि त्यांतली बरीच परत गेली नाहीत. विषारी रसायन मिसळलं गेलेलं सर्दी-खोकल्याचं सिरप होतं ते. पत्ता वाचून ते विष आईबापांना दिसलं नसतं. पण साध्या सर्दीला चार वर्षांखालच्या मुलाला असलं जोडसिरप मुळात द्यायचंच नसतं. औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच, असल्या सिरपांत जी क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनची जोडी असते ती चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बजावलं होतं. नाकात सलाइनचे थेंब, कोमट पाणी, आणि ताप असेल तर एकटं पॅरासिटामॉल.

आठवी पायरी: कधी थांबायचं

ताप तीन दिवसांच्या वर गेला किंवा दुखणं पाच दिवसांत कमी झालं नाही, तर गोळी वाढवू नका, डॉक्टर गाठा. मान ताठ होणं, अंगावर लाल-जांभळे डाग, छातीत दुखणं, फिट, शुद्ध हरपणं, यात एक दिवसही थांबायचं नाही. डोकेदुखीवर महिन्यातले दहा-पंधरा दिवस गोळी लागत असेल तर गोळीच डोकं दुखवायला लागलेली असू शकते. जोडगोळ्यांनी हे लवकर होतं, आणि सॅरिडॉनची सवय असणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

पॅरासिटामॉल चुकून किंवा रागाच्या भरात जास्त गेलं तर पहिल्या दिवशी माणूस जवळजवळ ठणठणीत दिसतो. थोडी मळमळ, एवढंच. आत यकृत मरत असतं, कावीळ दोन-तीन दिवसांनी दिसते. यावर उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. त्रास होत नाही म्हणून घरी थांबू नका. मेडिकल, मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालयं किंवा जवळचा मोठा दवाखाना, आणि गोळ्यांचे रिकामे पत्ते सोबत न्या. असं पाऊल कुणी जाणूनबुजून उचललं असेल तर त्याला एकटं सोडू नका, रागवू नका. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येतं.

रूमवर ठेवायला लागतं ते थोडंच: पॅरासिटामॉल ५०० चा एक पत्ता, आयब्युप्रोफेन ४०० च्या पाच-सहा गोळ्या डॉक्टरांनी कधी दिल्या असतील तर नावासकट, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर. आणि एक वही-पेन. गोळी घेतली की वेळ, औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लगेच लिहा. तापात माणसाला सकाळचं दुपारी आठवत नाही.

तो गडचिरोलीचा पोरगा बारा दिवसांनी आला, गाल बसलेले, पण चालत. मित्राला ताप होता, त्याच्यासाठी गोळी हवी होती. फोनवर त्याने रूमच्या दाराला चिकटवलेल्या कागदाचा फोटो दाखवला. वर लिहिलं होतं 'पॅरा', खाली वेळा: सकाळी ७, दुपारी १. "भाऊ, आता सहा वाजले. पुढची सातला द्यायची ना?"